उपाशीपोटीची साखर

नगर जिल्ह्यात पहाटे साडेतीन-चारला बरीच माणसं जागी असतात. शिर्डीत काकड आरतीच्या रांगेत भाविक उभे असतात. धारा काढून डेअरीची वेळ गाठायची म्हणून बायका गोठ्यात शिरलेल्या असतात. गाळपाच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या अंधारातच फडाकडे निघतात, आणि ज्यांच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची वीज आली आहे ते शेतकरी बॅटरी घेऊन दारं धरत असतात. (कागदोपत्री २०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झाला, बोलण्यात अजून ‘नगर’च येतं, म्हणून इथंही तेच.)

जागा असो की झोपलेला, याच सुमारास प्रत्येकाच्या शरीरात दिवसाची तयारी सुरू होते. कॉर्टिसॉल वाढू लागतं, झोपेत स्रवलेल्या ग्रोथ हार्मोनचा परिणाम उमटू लागतो, ग्लुकागॉन त्यात भर घालतं आणि यकृत जादा साखर रक्तात सोडू लागतं. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. स्वादुपिंड थोडं जास्त इन्शुलिन सोडून हिशेब जुळवून टाकतं. मधुमेह असलेल्याला मात्र तो हिशेब सकाळी ग्लुकोमीटरवर दिसतो. रात्री झोपताना १४०, उठल्यावर १९०. मधल्या सात-आठ तासांत पोटात पाण्याशिवाय काही गेलेलं नसतं.

मग घरात चौकशी बसते. ‘रात्री काय खाल्लं?’ हा पहिला प्रश्न. पाहुण्यांनी शिर्डीहून आणलेल्या प्रसादाच्या लाडवांचा डबा उघडून पाहिला जातो. ज्याच्यावर आरोप आहे तो देवाशप्पथ सांगतो की अर्धी बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी, बास. दुसऱ्या रात्री तो चिडून जेवतच नाही. सकाळी आकडा १९५. आता घरच्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडतो आणि त्याचा डॉक्टरांवरचा. मधुमेहाच्या उपचारात जेवढी औषधं वाया जातात, त्याहून जास्त बोलणी वाया जातात, आणि त्यांतली निम्मी तरी या सकाळच्या आकड्यावरून होत असावीत.

खरं तर हा आकडा ताटाचा नसतोच. तो यकृताचा असतो.

यकृतात साखर साठते आणि यकृत ती बनवतंही, हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं. माणूस झोपला तरी मेंदू झोपत नाही. त्याला दर तासाला सुमारे पाच ग्रॅम ग्लुकोज लागतं. ते पुरवायचं काम रात्री यकृताकडे. साठ किलो वजनाच्या माणसाचं यकृत उपाशी अवस्थेत तासाला साधारण सात ग्रॅम साखर रक्तात सोडतं, म्हणजे चहाचा दीड चमचा. आणि त्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर असते ती जेमतेम पाच ग्रॅम, एक चमचा. एवढ्याशा साठ्यात तासाला दीड चमचा येतो आणि तेवढाच खर्च होतो, म्हणून पातळी राहते. येणं थोडंसं वाढलं किंवा जाणं थोडंसं अडलं, की सकाळपर्यंत पन्नास-साठ अंकांचा फरक पडायला कुणाच्या डब्यातला लाडू लागत नाही.

यकृताला ‘आता पुरे’ हे सांगणारा निरोप म्हणजे इन्शुलिन. टाइप २ मधुमेहात यकृत त्या निरोपाला दाद देत नाही आणि स्वादुपिंडालाही तो पुरेसा पाठवता येत नाही. रात्रीचं जेवण सोडल्यानं यातलं काहीच सुधारत नाही. निजण्याआधी उपाशी राहिलेला माणूस सकाळी चढलेला आकडा पाहतो तेव्हा त्याला वाटतं की आपलं शरीर आपल्याशी खोटं बोलतंय. शरीर बिचारं त्याचं नेमून दिलेलं काम करत असतं.

साखरेचं आणि या जिल्ह्याचं नातं इतकं जुनं आहे की इथं मधुमेहाचा विषय निघाला की लोक नकळत कारखान्याच्या धुराड्याकडे बघतात. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना ब्रिटिश अमदानीतला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालचं; त्याच्या पाण्यानं प्रवरेकाठी ऊस रुजला. मग लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ ला त्याचा पहिला हंगाम झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याची ओळख सांगितली जाते. पुढं कोपरगाव, संगमनेर, राहुरी, सोनई, भेंडे, श्रीगोंदा, अकोले असं कारखान्यांचं जाळं विणलं गेलं. दिवाळीच्या तोंडावर सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते आणि ती आणायला जाणं हा सणाचाच भाग असतो. चहाला साखर कमी घालणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, ही समजूत अशा भागात मुरली तर नवल नाही.

तरीही कारखान्याच्या साखरेला सगळा दोष देणं फार सोपं उत्तर झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक गमतीशीर छायाचित्र छापून आणलं होतं. स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीचा, असा हा आपला बांधा. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या चमूनं गरोदर बायकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की तिथं जन्मलेली बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच हलकी होती, पण चरबीत तितकी मागं नव्हती. उणीव होती ती स्नायूंची. दुष्काळी पट्ट्यात अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी अशी बाळं जन्मतात, आणि पुढं कालव्याचं पाणी, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि दोन वेळचं भरलेलं ताट आलं की चाळिशीतच स्वादुपिंड दमतं. नगर जिल्ह्यानं एका हाताला पारनेर-पाथर्डीचा दुष्काळ आणि दुसऱ्या हाताला प्रवरेची बागायत पाहिली आहे. ‘आमच्या घराण्यात कुणी जाड नाही, मग शुगर आली कुठून?’ हा प्रश्न इथं वारंवार विचारला जातो, आणि त्याचं बरंचसं उत्तर त्या छायाचित्रात आहे.

पहाटेच्या चढणीला ‘डॉन फिनॉमिनन’ हे नाव १९८१ साली मिळालं, मारिया इनेस श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधात. त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं डॉक्टरांच्या मनावर दुसऱ्याच एका स्पष्टीकरणाचं राज्य होतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये काम करणारे हंगेरियन रसायनतज्ज्ञ मायकेल सोमोजी यांनी १९३८ च्या सुमारास मांडलं होतं की रात्री इन्शुलिन जास्त झालं तर साखर खाली पडते, शरीर घाबरून उलट दिशेनं जोर लावतं आणि सकाळी साखर चढलेली सापडते. कल्पना डौलदार होती. म्हणून टिकली. पुढं रात्रभर साखर मोजत राहणारी यंत्रं आली आणि दिसलं की रात्री साखर पडलेल्या बहुतेकांची सकाळचीही कमीच असते. उसळी अगदीच खोटी नाही, पण पूर्वी समजलं जात होतं तितकी सर्रासही नाही. फ्रान्समधल्या लुई मोनिए यांच्या २०१३ च्या अभ्यासात इन्शुलिन न घेणाऱ्या टाइप २ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना पहाटेची चढण होती आणि तिच्यामुळं त्यांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, सुमारे ०.४ टक्क्यानं वाढलेलं होतं. आकडा छोटा दिसतो. औषधाची एखादी गोळी जेवढं कमी करते त्यातला हा बराच भाग आहे, हे ध्यानात घेतलं म्हणजे तो छोटा राहत नाही.

आता इन्शुलिनकडे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली गेली. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून पुन्हा दिला तेव्हा मुलगा सावरला. हे इन्शुलिन चार-सहा तासांत संपायचं. म्हणजे रात्र झाकायची तर मध्यरात्री उठून पुन्हा टोचायचं. डेन्मार्कचे हान्स क्रिस्तियान हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये माशाच्या शुक्रातलं प्रोटामीन हे प्रथिन इन्शुलिनला जोडून त्याचा वेग मंदावला, आणि त्याच वाटेवर पुढं १९४६ मध्ये एनपीएच आलं. सरकारी दवाखान्यात आजही दिसतं ते दुधाळ, टोचण्याआधी हातात घोळवायचं इन्शुलिन हेच.

एनपीएचची अडचण शेतकऱ्याला चटकन समजते. ते पाटपाण्यासारखं आहे: आवर्तन सुटलं की एकदम लोट येतो, आणि मग कोरडं. रात्री आठला जेवताना घेतलं तर त्याचा लोट एक-दोनच्या सुमारास येतो, जेव्हा शरीराला इन्शुलिनची गरज सगळ्यात कमी असते. आणि चार वाजता, यकृत जोरात असताना, पाट आटत आलेला असतो. म्हणजे नको तेव्हा पूर आणि हवं तेव्हा टंचाई. डोस वाढवला तर दोनला घाम फुटून माणूस उठतो. कमी केला तर सकाळचा आकडा हसतो. यावर जुन्या डॉक्टरांनी काढलेला तोडगा साधा आणि हुशारीचा होता: ही सुई जेवणाबरोबर न देता झोपताना द्यायची, म्हणजे लोट पहाटेकडे सरकतो. ज्यांना महागडं इन्शुलिन परवडत नाही त्यांच्यासाठी तो आजही निकामी झालेला नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या नव्या इन्शुलिनांनी मात्र पाटाच्या जागी ठिबक आणलं.

त्यांतलं पहिलं म्हणजे ग्लार्जिन. जर्मनीत हेक्स्ट कंपनीत ते घडवलं गेलं आणि अमेरिकेत २००० साली त्याला मान्यता मिळाली. इन्शुलिनच्या रेणूत एका ठिकाणी ग्लायसिन बसवलं, दुसऱ्या साखळीच्या टोकाला दोन आर्जिनिन जोडले, बदल एवढाच. त्यामुळं हे इन्शुलिन आम्लधर्मी द्रावणात पाण्यासारखं नितळ राहतं, पण कातडीखाली गेल्यावर तिथल्या उदासीन वातावरणात त्याचे सूक्ष्म स्फटिक बनतात आणि ते हळूहळू विरघळत सुमारे चोवीस तास पुरतात. याच आम्लामुळं टोचल्यावर काहींना जरा चुरचुरतं, आणि याच आम्लामुळं ते दुसऱ्या इन्शुलिनमध्ये मिसळून एका सिरिंजमध्ये भरायचं नसतं. मिसळलं तर दोन्हींचा ताल बिघडतो. नंतर डेटेमिर आलं, डेग्लुडेक आलं. डेग्लुडेकचा अंमल बेचाळीस तासांच्याही पुढं जातो, त्यामुळं रोजची वेळ थोडी मागंपुढं झाली तरी ते फारसं मनावर घेत नाही. नगरहून दोन-अडीच तासांवर, छत्रपती संभाजीनगरच्या वोखार्टच्या कारखान्यात २००३ पासून जनुकतंत्रानं इन्शुलिन बनू लागलं आणि २००९ पर्यंत भारतीय कंपन्यांची ग्लार्जिनंही दुकानात आली. जिल्ह्याच्या शेजारी बनणारं औषध जिल्ह्यातल्या किती फ्रिजांत पोचलं, हा निराळा प्रश्न.

कारण अडतं ते बहुतेक वेळा रेणूपाशी नाही, सुईपाशी. ‘इन्शुलिन लागलं म्हणजे आता शेवटचं’ ही समजूत अकोल्यापासून जामखेडपर्यंत सारखीच आहे. तिच्यामागं अनुभव आहे, फक्त उलटा वाचलेला: आजोबांना इन्शुलिन सुरू केलं आणि सहा महिन्यांत पाय कापावा लागला. पाय दहा वर्षांच्या चढ्या साखरेनं गेला होता. सुई फार उशिरा आली एवढाच तिचा गुन्हा. डॉक्टरही पुष्कळदा धमकी म्हणून तिचं नाव घेतात, ‘पथ्य पाळा, नाहीतर इन्शुलिन लावीन’, आणि नंतर तेच औषध म्हणून स्वीकारायला सांगतात. शिक्षा म्हणून दाखवलेली गोष्ट माणसानं आनंदानं टोचून घ्यावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

प्रत्यक्षात सुरुवात अगदी लहान असते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रीट टू टार्गेट’ या अभ्यासात गोळ्यांवर भागत नसलेल्या ७५६ जणांना झोपताना १० युनिट ग्लार्जिन किंवा एनपीएच सुरू केलं, आणि उपाशीपोटीचा आकडा १०० च्या आसपास येईपर्यंत दर आठवड्याला डोस थोडा थोडा वाढवला. चोवीस आठवड्यांत दोन्ही गटांतल्या सुमारे साठ टक्के लोकांची तीन महिन्यांची सरासरी ७ टक्के किंवा त्याखाली आली. फरक पडला तो रात्री: ग्लार्जिनवाल्यांची साखर झोपेत कमी वेळा पडली. आज बहुतेक डॉक्टर १० युनिट, किंवा वजनाच्या किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट इथून सुरू करतात, सकाळचा आकडा ८० ते १३० मध्ये येईपर्यंत दर तीन दिवसांनी दोन युनिटांची पायरी चढतात, आणि कुठं ७० च्या खाली दिसलं तर उतरतात. हा जिना रुग्णाला घरी चढता येतो, पण त्याचे कठडे डॉक्टरांनी आधी आखून द्यायला हवेत.

इथंच सगळ्यात मोठी गफलत होते. सकाळी १९० दिसले की डोस वाढव, हा नियम आंधळेपणानं पाळला जातो. पण १९० ला किमान तीन वेगवेगळे रस्ते येऊन मिळतात. झोपतानाच साखर २२० असेल, तर दोष रात्री साडेनऊला जेवलेल्या भात-आमटीचा किंवा त्यावरच्या गोळीचा. लांब पल्ल्याचं इन्शुलिन तिथं उगीच मार खातं. झोपताना १४०, रात्री तीनला १३५ आणि सकाळी १९० असेल, तर ही खरी पहाटेची चढण. झोपताना १४० आणि तीनला ६० असेल, तर डोस कमी करायचा आहे, वाढवायचा नाही. वाढवला तर एखाद्या रात्री माणूस उठणारच नाही. सकाळचा एकच आकडा या तिघांना वेगळं करू शकत नाही. त्यासाठी दोन-तीन रात्री तीनचा गजर लावून बोटाला टोचावं लागतं. ज्यांना परवडतं त्यांनी चौदा दिवस दंडावर चिकटवायचा सेन्सर लावावा, तो रात्रीची सगळी रेघ काढून देतो. बाकीच्यांना एका रात्रीला तीन पट्ट्या पुरतात.

डोस वाढवत वाढवत किलोमागे अर्ध्या युनिटाच्या पुढं गेला आणि तरी सरासरी हलत नसेल, तर बहुधा ते इन्शुलिन जेवणाची जबाबदारीही उचलायला लागलेलं असतं, जी त्याची नाही. तिथं आणखी युनिटं घालण्यापेक्षा जेवणानंतरच्या साखरेकडे वळावं लागतं. आणि कधी कधी कारण याहूनही साधं निघतं: वर्षानुवर्षं बेंबीशेजारी एकाच जागी टोचल्यानं तिथं गाठ झालेली असते आणि इन्शुलिन तिच्यात अडकून बसतं. जागा बदलली की आकडा उतरतो. गाठीतून नव्या जागेवर येताना डोसही बऱ्याचदा कमी करावा लागतो, हे डॉक्टरांना विचारूनच.

पुस्तकातला रुग्ण रात्री दहाला झोपतो आणि सहाला उठतो. राहुरीकडचा ऊसवाला तसा झोपत नाही. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज, हे चक्र त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात तो चिखलात उभा राहून खोऱ्यानं दारं मोडतो, बांध चढतो उतरतो, उसात बिबट्या नाही ना म्हणून मधूनच खाकरतो. हे चार-पाच तासांचं कष्टाचं काम आहे आणि स्नायू त्यात साखर ओढून घेतात. दिवसपाळीच्या आठवड्यात ठरवलेला डोस त्या रात्री भारी पडू शकतो. साखर पडली की हात थरथरतात, घाम येतो, डोकं गरगरतं. अंधारात, एकट्याला, विहिरीजवळ. अशा माणसाला इन्शुलिन लिहून देताना डॉक्टरांनी ‘रात्रीचं पाणी कधी असतं?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पुष्कळदा रात्रीची सुई सकाळवर आणली की धोका घटतो. चोवीस तासांच्या इन्शुलिनला घड्याळाची ती सूट आहे, फक्त जी वेळ ठरेल ती रोज पाळायची. दिवसा वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली तेव्हा तिची चर्चा साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या भीतीपोटी झाली. मधुमेही शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती उपचारालाही मदत करणारी आहे, हे कुणी फारसं बोललं नाही.

खिशात साखर ठेवणं हे त्याचं दुसरं औषध. आकडा ७० च्या खाली गेला की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. सभासदाच्या पोत्यातली साखर डॉक्टरांच्या सल्ल्यानं खायची वेळ ती हीच.

वारीचंही तसंच. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून राहुरी, नगर, मिरजगाव करत पंढरपूरला जाते. रोजचं मैलोन् मैल चालणं, अवेळी मिळणारं अन्न आणि पिशवीत पेन. चालणाऱ्याचा डोस निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून बहुधा उतरवावा लागतो. एकादशीला मात्र लोक उलटी चूक करतात: खायचं नाही म्हणून सुईही नाही. लांब पल्ल्याचं इन्शुलिन जेवणासाठी नसतंच, यकृतासाठी असतं. आणि यकृत एकादशी पाळत नाही. टाइप १ असलेल्या मुलानं तर ते एकही दिवस सोडायचं नसतं, सोडलं तर दोन दिवसांत अतिदक्षता विभाग. उपवास करायचाच असेल तर डोस किती कमी करायचा हे आधी विचारून ठेवावं. तसंही साबुदाण्याच्या खिचडीनं बऱ्याच जणांचा उपवास उपवास राहत नाही.

औषध घरी आणल्यावरचे प्रश्न आणखी निराळे. आपल्याकडे कुपीतलं साधं इन्शुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० चं, आणि ग्लार्जिनची कुपीही १०० ची मिळते. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० च्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजनं दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात २५ युनिट. अडीचपट. दुकानदारानं ‘सिरिंज सारखीच असते हो’ म्हटलं तर दुकान बदलावं.

मग ऊन. नगरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज नेमकी दुपारी जाते. न उघडलेलं इन्शुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, दारात ठेवावं, बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही. एकदा गोठलं की फेकायचं. वापरातलं पेन ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालतं. फ्रिज नसलेल्या घरात ओल्या मडक्यात डबी ठेवण्याची रीत आहे आणि ती वेडगळ नाही. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठानं केनियातल्या दादाब निर्वासित छावणीच्या अनुभवावरून केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेल्या इन्शुलिनांची ताकद टिकून राहिली होती. म्हणून पेन उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवायला परवानगी मिळाली असं मात्र नव्हे. तिथं पन्नास अंशही होतात.

पैशाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दीर्घकाळ टिकणारी इन्शुलिनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, आणि भारताच्या राष्ट्रीय यादीत २०२२ मध्ये ग्लार्जिन आलं. यादीत येणं आणि तालुक्याच्या दवाखान्याच्या कपाटात येणं यांत अंतर असतं, पण मागणी करायला आता कागद आहे. मागणी करणाऱ्या माणसांची उणीव या जिल्ह्याला नसावी. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केलं. बाळंतपणं, जुलाब, कुष्ठरोग यांत त्या बायकांनी पदवीधरांना चकित केलं. तीन रात्री तीनचा गजर लावायला सांगणं, सिरिंजच्या टोपणाचा रंग पाहणं, पोटावरची गाठ चाचपणं, ‘या आठवड्यात रात्रीचं पाणी आहे का’ विचारणं, यातलं कुठलंही काम त्यांनी तेव्हा पेललं त्यापेक्षा अवघड नाही. आज हे काम आशाताईंकडून अपेक्षित आहे. काही ठिकाणी त्यांच्या हातात रक्तदाबाचं यंत्र आणि ग्लुकोमीटरही आले आहेत, रात्रीचा आकडा विचारायला मात्र त्यांना अजून कुणी शिकवलेलं दिसत नाही. अर्जात तीस वर्षांवरील किती जण तपासले ते भरायचं असतं, त्यामुळं मोजणी सकाळी दहाला होते.

तेव्हा ज्यांच्या घरात सकाळचा आकडा रोज भांडण लावतो त्यांच्यासाठी एवढंच. डबे तपासणं थांबवा. एका वहीत सलग तीन रात्री झोपतानाचा, तीन वाजताचा आणि उठल्यावरचा आकडा लिहा. शेजारी जेवणाची वेळ, सुईची वेळ आणि त्या रात्री शेतात गेला होता की नाही हेही. मग ती वही डॉक्टरांसमोर ठेवा, आणि ती पाहण्याआधीच ते डोस वाढवायला निघाले तर, जरा थांबा म्हणा.